खाडी सावरायची असेल तर आधी नायट्रोजन मोजा

माहीमला राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईत सांडपाणी प्रक्रियेची सात नवी केंद्रं होताहेत. ती सुरू झाली की माहीमची खाडी, ठाण्याची खाडी सुधारेल का? आणि समुद्रात जाणाऱ्या नायट्रोजन-फॉस्फरसमध्ये नद्यांचा वाटा मोठा की सांडपाण्याचा? शेतीतल्या खतांबद्दल एवढं बोललं जातं, म्हणून हा दुसरा भाग.

दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो. मुंबईपुरतं बोलायचं तर वाटा सांडपाण्याचा, आणि तो इतका मोठा की शेतीचं खत हिशेबात धरलं नाही तरी चित्र फारसं बदलत नाही. पहिल्या भागाला मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळं होता येत नाही. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रोजन किती उरतो, यावर खाडीचं भवितव्य ठरणार आहे. आणि नेमकी हीच गोष्ट आपण सगळ्यात कमी मोजतो. खाडीच्या पाण्याची तपासणी हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सांडपाण्याचा विषय निघाला की बीओडी हा शब्द येतोच. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, त्याचं हे माप. केंद्र चांगलं चाललंय की नाही हे आपण बीओडीवरून ठरवतो, वर्तमानपत्रात आकडे बीओडीचे येतात, ठेकेदाराचं बिलही त्यावरच निघतं. माप वाईट नाही. पण ते पाईपच्या तोंडाशी संपतं. पुढे समुद्रात काय होतं ते त्यात येत नाही.

समुद्रात होतं ते असं. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण केंद्रात कुजवून टाकली, तरी तिच्यातला बराचसा नायट्रोजन अमोनिया किंवा नायट्रेटच्या रूपात पाण्यातच राहतो. पाणी दिसायला स्वच्छ, वास नाही, बीओडी कमी. पण हे पाणी म्हणजे एकेका तरंगत्या शेवाळकणाला घातलेलं खत आहे. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसवर अडते, समुद्रात ती बहुधा नायट्रोजनवर अडते. तो मिळाला की शेवाळ वाढतं, मरतं, तळाला जातं आणि कुजतं. म्हणजे केंद्रात जी घाण आपण वीज जाळून कुजवली, तीच समुद्रात पुन्हा तयार झाली. फरक एवढाच की आता तिला लागणारा प्राणवायू माशांच्या वाट्याचा.

किती? हा हिशेब कोणालाही करता येईल. सागरी वनस्पतिप्लवकांत, म्हणजे याच तरंगत्या शेवाळात, कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण साधारण १०६:१६:१ असतं. रेडफिल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं. त्यावरून वजनं काढली तर १ किलो नायट्रोजनवर पावणेसहा किलोच्या आसपास कार्बनचं शेवाळ वाढू शकतं, आणि ते पूर्ण कुजायला सुमारे २० किलो प्राणवायू लागतो. आता सांडपाणी केंद्रांचा आराखडा करताना आपल्याकडे वापरतात ती नियमावली घ्या. कच्च्या सांडपाण्यात ती लिटरला बीओडी २५० मिलिग्रॅम आणि एकूण नायट्रोजन ५० मिलिग्रॅम धरते. घाण शेवटपर्यंत कुजू दिली तर तिला साडेतीनशे-चारशे मिलिग्रॅम प्राणवायू लागेल. आणि त्याच लिटरमधला ५० मिलिग्रॅम नायट्रोजन? त्याच्यावर वाढलेल्या शेवाळाला १,००० मिलिग्रॅम. सांडपाण्याचा मोठा घाव बीओडीत दिसतच नाही, तो हा आहे.

साध्या पद्धतीचं प्रक्रिया केंद्र बीओडी ९० टक्क्यांहून अधिक उतरवतं, पण नायट्रोजनमधला गाळाबरोबर जाणारा वाटाच काय तो कमी होतो, साधारण पाव भाग. बाकीचा सरळ बाहेर. म्हणून ‘केंद्र नीट चालू आहे आणि खाडी तशीच आहे’ ही तक्रार लोक करतात तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

हा २० किलोंचा हिशेब सगळीकडे पुरता लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. ठाण्याच्या खाडीचं किंवा माहीमच्या खाडीत मिळणाऱ्या मिठी नदीच्या मुखाचं पाणी गाळाने इतकं गढूळ असतं की प्रकाश हात-दीड हातापलीकडे पोचत नाही. खत भरपूर, पण ऊन नाही, म्हणून शेवाळ तिथल्या तिथे मनासारखं वाढत नाही. नायट्रोजन मग ओहोटीबरोबर बाहेर जातो आणि जिथे पाणी निवळतं तिथे आपलं काम करतो. काही भाग चिखलातले जिवाणू नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. हे फुकटचं शुद्धीकरण तिवरांच्या मुळांशी आणि खाजणांच्या चिखलात चालतं, आणि कांदळवन तोडल्यावर आपण जे गमावतो त्यात याची किंमत कधी लावली जात नाही.

आता पाणी प्रत्यक्षात कसं दिसतं ते. विरघळलेला प्राणवायू मोजायला आम्ही आजही काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बाटली वापरतो. इलेक्ट्रॉनिक मीटर सोबत असतो, पण चिखलाच्या पाण्यात त्याच्या पडद्यावर लगेच थर बसतो आणि तो काहीही सांगू लागतो. बाटली बुडबुडा न राहू देता तळातल्या पाण्याने भरायची, त्यात मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइडचं द्रावण पिपेट बुडवून सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, जितका गडद तितका प्राणवायू जास्त. नसेल तर साका पांढराच राहतो. पुढचं अनुमापन करायची गरजच पडत नाही. मे महिन्यात, अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी असतो तेव्हा, पहाटे उजाडायच्या आधी खाडीच्या आतल्या टोकाला घेतलेल्या बाटल्या अशा पांढऱ्या राहतात. दुपारी उन्हात वरचं पाणी घ्या, तर त्याच पट्ट्यात साका गडद तपकिरी येतो, कारण दिवसा शेवाळ प्राणवायू सोडत असतं. रात्री तेच शेवाळ तो खातं.

म्हणून कुणी दुपारी बारा वाजता पृष्ठभागावरचा नमुना घेऊन ‘प्राणवायू उत्तम’ असा अहवाल दिला, तर आकडा खोटा नसतो, वेळ चुकीची असते. आपल्या किनारी पाण्याच्या एसडब्ल्यू-२ निकषात प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम हवा. २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात तो मुळात मावतोच साडेसहाच्या आसपास. युरोपातल्या थंड समुद्राला जी ऐसपैस जागा असते ती आपल्याला नाही. २ च्या खाली गेला की बहुतेक मासे पळ काढतात, ज्यांना पळता येत नाही ते मरतात. तिसऱ्या, कालवं असले शिंपले पळू शकत नाहीत. खाडीत शेवटी उरतात ते निवटे, हवेतला प्राणवायू घेऊ शकणारे.

भांगाचा उल्लेख मुद्दाम केला. कोळीवाड्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, मासे उलटे पडतात ते उधाणाला की भांगाला? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत साडेचार-पाच मीटरची भरती येते आणि खाडी धुऊन निघते. भांगाला पाणी जागच्या जागी पुढेमागे डुलतं. सांडपाणी तितकंच येत राहतं, धुणारं पाणी मात्र कमी. वार्षिक सरासरीत हे दिवस बुडून जातात, आणि माशांना मारतात ते हेच दिवस.

प्राणवायू कसा संपतो हे मुंबईकरांनी बाणगंगेत पाहिलेलं आहे. सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास तलावात पिंड, भात, पीठ पडतं आणि एक-दोन दिवसांत मासे वर तरंगतात. विष कोणी घातलेलं नसतं. अन्न कुजलं, प्राणवायू गेला, एवढंच. खाडीत हेच होतं, फक्त अन्न बाहेरून पडलेलं नसून तिथेच उगवलेलं असतं.

आता नद्यांकडे वळू. खत वाहून नेणारी नदी किनाऱ्याचं वाटोळं करते याचं जगातलं ठळक उदाहरण मिसिसिपी. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातलं नायट्रेट ती मेक्सिकोच्या आखातात आणते, आणि दर उन्हाळ्यात तिथे प्राणवायूविना पट्टा तयार होतो. २०१७ मध्ये तो २२,७०० चौरस किलोमीटरपर्यंत पसरला होता, मोजणी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात मोठा. असे चारशेहून अधिक मृत पट्टे जगात असल्याचं २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या आढाव्यात नोंदलं होतं. हे वाचून आपल्याकडेही लोक युरियाकडे बोट दाखवतात. पण महाराष्ट्राचा नकाशा उघडा. ऊस, कापूस, कांदा, म्हणजे खताचा मोठा वापर, सह्याद्रीच्या पूर्वेला. तिथलं बहुतेक पाणी गोदावरी, कृष्णा, भीमा यांच्यातून बंगालच्या उपसागराकडे जातं, अरबी समुद्राकडे नाही. तेही मधल्या धरणांतून अडत अडत. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, आणि उजनीचं हिरवं पाणी पाहिलं की तो नायट्रोजन-फॉस्फरस कुठे साचतोय ते कळतं. तो प्रश्न मोठा आहेच, पण माहीमच्या खाडीचा नव्हे.

पश्चिमेला उतरणाऱ्या कोकणातल्या नद्या आखूड, उतार तीव्र, आणि वाहणं चार महिन्यांचं. पावसाळ्यात त्या भातखाचरांतलं खत, पालापाचोळा, माती सगळं घेऊन येतात, पण इतक्या पाण्याबरोबर आणि इतक्या वेगाने की ते खाडीत थांबत नाही. शिवाय त्या सिलिका आणतात, डोंगराच्या दगडांतली. डायाटम जातीच्या प्लवकांना कवचासाठी ती लागते, आणि डायाटम हे जवळ्यापासून तारलीपर्यंत सगळ्यांचं चांगलं खाद्य. सांडपाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर, सिलिका त्या मानाने नगण्य. त्यामुळे नदीच्या खतावर डायाटम वाढतात आणि सांडपाण्याच्या खतावर, सिलिका संपली की, दुसरीच जमात डोकं वर काढते. नायट्रोजन ‘कुठून आला’ हा प्रश्न म्हणूनच निव्वळ किलोंचा नाही.

मुंबईची गंमत अशी की इथली मोठी नदी पाईपातून येते. तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून शहराला दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. वापरलं की त्यातलं बहुतांश सांडपाणी. मिठी उगमाशी विहार-पवईचं वाहून आलेलं पाणी असते, पण पावसाळा सोडला तर मुखाशी पोचेपर्यंत तिच्यात जे वाहतं ते नाल्यांतून आलेलं शहराचं पाणी. उरलेल्या आठ महिन्यांत ‘नदी की सांडपाणी’ हा भेदच तिथे करता येत नाही.

उल्हास नदीचं उदाहरण याहून बोलकं आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या पट्ट्यात ती उन्हाळ्यात जलपर्णीने झाकली जाते. जलपर्णी काढायला यंत्रं लावतात, फवारणीच्या चर्चा होतात, पुढच्या वर्षी ती परत. जलपर्णी हा रोग नाही, ती पाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस दाखवते. काढलेली जलपर्णी काठावरच कुजू दिली तर तिने शोषलेलं सगळं पहिल्या पावसात परत नदीत. निदान ती लांब नेऊन तिचं कंपोस्ट तरी व्हावं, एवढी साधी गोष्टसुद्धा अनेक ठिकाणी होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नद्यांची आणखी एक भूमिका आहे, ती खताची नाही, झाकणाची आहे. पावसाळ्यात गोडं पाणी हलकं म्हणून समुद्रावर पसरतं आणि खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. त्याच वेळी पश्चिम किनाऱ्यावर खोलातलं, मुळातच प्राणवायू कमी असलेलं पाणी वर सरकतं. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर १९९७ पासून नियमित नमुने घेते आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर तिथल्या उथळ तळावरचा प्राणवायू जवळपास संपतो. डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की ही स्थिती तीव्र होते आहे आणि तिथून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात सुटतो आहे. म्हणजे आपल्या किनाऱ्यासमोर निसर्गतःच प्राणवायूची तूट आहे. काही जण याचा अर्थ ‘मग सांडपाण्याने काय फरक पडतो’ असा लावतात. मी नेमका उलटा लावतो. ज्याच्याकडे शिल्लकच नाही त्याच्यावर थोडा भारही जास्त.

कोकणात गुहागर, रत्नागिरी, देवगडपासून जुहूपर्यंत हिवाळ्यात निळ्या चमकणाऱ्या लाटा दिसतात, त्या नॉक्टिल्युका या जीवाच्या. पाहायला सुंदर आहेत. मूळचे गोव्याचे शास्त्रज्ञ जोकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी २०१४ मध्ये अरबी समुद्रातल्या तिच्या वाढीचा संबंध कमी प्राणवायूच्या पाण्याशी जोडला. इतर काही भारतीय संशोधकांना ते पटलेलं नाही. ते पोषकद्रव्यांच्या प्रमाणाकडे, विशेषतः सिलिकेच्या कमतरतेकडे बोट दाखवतात. तेव्हा चमक दिसली की लगेच ‘सांडपाण्याचा पुरावा’ म्हणू नका. खुल्या समुद्रातल्या त्या वाढीमागे मोठी चक्रं आहेत.

आता सात केंद्रांकडे. त्यांची भूमिपूजनं जानेवारी २०२३ मध्ये झाली, खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये, एकूण क्षमता २,४६४ दशलक्ष लिटर रोज. वरळी ५००, मालाड ४५४, धारावी ४१८, वांद्रे ३६०, घाटकोपर ३३७, भांडुप २१५, वर्सोवा १८०. मुंबईचं सांडपाणी गळतीचं आणि भूजलाचं पाणी मिसळून पातळ झालेलं असतं, म्हणून नियमावलीतले ५० न धरता नायट्रोजन ३० मिलिग्रॅम धरू. तरी दिवसाला सुमारे ७४ टन होतो. साध्या प्रक्रियेने पाव भाग गेला तर ५५ टन खाडीत आणि समुद्रात जात राहणार. तोच लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत उतरवला तर २५ टन. कच्च्या सांडपाण्याशी तुलना करता रोज जवळजवळ ५० टनांची बचत, म्हणजे वरच्या हिशेबाने रोजचा १,००० टन प्राणवायू.

१० हा आकडा मनाचा नाही. प्रक्रिया केंद्रांच्या निकषांचा २०१५ मध्ये केंद्र सरकारने मसुदा काढला, त्यात एकूण नायट्रोजनला तीच मर्यादा होती. ऑक्टोबर २०१७ ची अंतिम अधिसूचना आली तेव्हा ती गळाली, उरले बीओडी, तरंगते घन पदार्थ, सामू आणि विष्ठाजन्य जिवाणू. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कडक निकष लावायला सांगितलं आणि त्यात नायट्रोजनची मर्यादा परत आली. २०१७ चा तो बदल माझ्या मते किनाऱ्यावरच्या शहरांसाठी चुकीचा होता. बीओडी दहा की वीस यावर वाद घालण्यापेक्षा नायट्रोजन यादीत असणं कितीतरी महत्त्वाचं.

आता माझं स्पष्ट मत. सातही केंद्रांना एकच घाई लावू नका. वरळी आणि वांद्र्याचं पाणी समुद्राच्या तळाशी नळांतून साडेतीन किलोमीटरच्या आसपास आत नेऊन सोडलं जातं. या नळांवर टीका खूप होते, कारण आतापर्यंत तिथे फक्त चाळणं आणि वाळू काढणं एवढीच प्रक्रिया होती. टीका रास्त आहे. पण ते नळ होण्याआधी वांद्र्याचं सांडपाणी माहीमच्या खाडीत पडत होतं, हे विसरू नये. खुल्या समुद्रात भरती-ओहोटीचा प्रवाह ते पसरवतो. नायट्रोजन नाहीसा होत नाही, पण एका जागी साचत नाही. घाटकोपर आणि भांडुपचं पाणी ठाण्याच्या खाडीत, मालाड आणि वर्सोव्याचं मालाडच्या खाडीत, आणि धारावीकडचं मिठीच्या मुखाशी. या पाच ठिकाणी पाणी अडकतं. २,४६४ पैकी १,६०४ दशलक्ष लिटर क्षमता या पाच केंद्रांची आहे. नायट्रोजनची सगळ्यात कडक मर्यादा आणि सगळ्यात कडक देखरेख आधी इथे हवी.

नायट्रोजन काढणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. आधी भरपूर हवा देऊन जिवाणूंकडून अमोनियाचं नायट्रेट करून घ्यायचं, मग हवा तोडून दुसऱ्या जिवाणूंकडून नायट्रेटचा नायट्रोजन वायू. आपलं पाणी बाराही महिने कोमट, हे जिवाणू थंड देशांपेक्षा इथे झपाट्याने काम करतात. नवी मुंबईत एकाच टाकीत आळीपाळीने हवा देण्या-तोडण्याची एसबीआर पद्धत बरीच वर्षं चालू आहे. अडतं ते विजेच्या बिलावर. १ किलो अमोनिया-नायट्रोजनसाठी साडेचार किलोहून जास्त प्राणवायू द्यावा लागतो. मग रात्री ब्लोअर बंद होतात. बीओडीवर त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, पण अमोनिया खाणारे जिवाणू नाजूक आणि हळू वाढणारे, ते बसतात. सकाळी दहाला तपासणीचा नमुना घेतला जातो तेव्हा सगळं ठीक असतं. म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर अमोनियाचा चोवीस तास चालणारा संवेदक आणि त्याचे आकडे लोकांना उघड, ही माझी पहिली मागणी असते. दुसरी, गाळाचा हिशेब. काढलेला गाळ किती निघाला आणि कुठे गेला हे कागदावर नसेल, तर तो नाल्यात गेला असं समजावं, आणि त्याच्याबरोबर काढलेला नायट्रोजन-फॉस्फरसही. मोठ्या गृहसंकुलांच्या स्वतःच्या केंद्रांत तर हे सर्रास घडतं.

हे केल्याने उपयोग होतो का? होतो. फ्लोरिडातल्या टाम्पा उपसागराची १९७० च्या दशकात पार दैना झाली होती, निम्मं सागरी गवत गेलं होतं. टाम्पा शहराच्या केंद्राला नायट्रोजन लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत उतरवणं कायद्याने भाग पाडलं गेलं. १९७९ पासून ते सुरू झालं. पाणी निवळायला काही वर्षं आणि गवत परतायला काही दशकं लागली. १९५० च्या सुमाराची पातळी म्हणून ३८,००० एकरांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, २०१४ मध्ये गवत ४०,२९५ एकरांवर पोचलं. दरम्यान लोकसंख्या वाढतच होती. पण पुढचंही सांगतो. २०१६ नंतर गवत पुन्हा घटू लागलं, २०२२ मध्ये ते ३०,००० एकरांच्या आसपास आलं होतं. मधे २०२१ मध्ये पायनी पॉइंट इथल्या बंद खत कारखान्याच्या तळ्यातलं सुमारे ८१ कोटी लिटर पाणी उपसागरात सोडावं लागलं. हे काम एकदा करून संपत नाही.

जपानच्या सेतो अंतर्गत समुद्राची गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी आहे. १९७२ मध्ये तिथे लाल शेवाळाच्या एका लाटेत पाळलेले १ कोटी ४० लाख हामाची मासे मेले. १९७६ मध्ये अशा लाटांच्या २९९ घटना नोंदल्या गेल्या. कायदे झाले, नायट्रोजन-फॉस्फरस उतरले, समुद्र निवळला. आणि मग नोरी या खाद्य शेवाळाची शेती करणारे तक्रार करू लागले की पीक फिकं पडतंय, पाण्यात खतच उरलं नाही. २०२१ मध्ये कायदा बदलून ठरावीक भागांत पोषकद्रव्यं मोजून-मापून सोडायची सोय केली. शून्य नायट्रोजन हे ध्येय असूच शकत नाही. आपण त्या टोकापासून फार दूर आहोत, पण ठाण्याच्या खाडीत या प्रश्नाची चाहूल आहे. तिथले लहान रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, चिखलावरचं शेवाळ खातात, आणि ते शेवाळ सांडपाण्याच्या खतावर पोसलेलं आहे असं मानायला जागा आहे. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. नायट्रोजन उतरला तर फ्लेमिंगो कमी होतील का? होऊ शकतात. तरीही मी उतरवाच म्हणेन. प्राणवायू संपला तर चिखलातले जीव आणि त्यांच्यावर जगणारे दुसरे पक्षी आधी जातात. पण घटीचा वेग आणि पक्ष्यांची गणना सोबत ठेवावी, आणि हे आत्ताच ठरवावं.

आता वेळेबद्दल. केंद्रं सुरू झाल्यावर दुर्गंधी सगळ्यात आधी कमी होईल, कारण ती प्राणवायू संपल्यावर समुद्रातल्या सल्फेटपासून बनणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडची असते. विष्ठेचे जिवाणूही लवकर घटतील. चिखल मात्र थांबायला लावेल. तळाच्या काळ्या चिखलात दशकानुदशकांचा फॉस्फरस लोहाला चिकटून बसला आहे, आणि पाण्यात प्राणवायू नसला की तो सुटून वर येतो. बाहेरून येणं थांबलं तरी ही आतली पुरवठ्याची सोय काही वर्षं चालते. पहिल्या दोन-तीन वर्षांत खाडी हिरवीच दिसली, तर योजना फसली असं लगेच ठरवू नका. आणि जे नाले मलवाहिनीला जोडलेलेच नाहीत त्यांचं पाणी कोणत्याच केंद्रात पोचणार नाही. कोरड्या दिवसांतला नाल्यांचा प्रवाह अडवून केंद्राकडे वळवण्याचं काम बाजूने चालायला हवं, नाहीतर धारावीचं केंद्र कितीही उत्तम चाललं तरी मिठीचं मुख तसंच राहील.

तुम्ही स्वतः काय करू शकता, तर माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागा. बाहेर पडणाऱ्या पाण्यातला एकूण नायट्रोजन आणि अमोनिया महिन्यागणिक, मिलिग्रॅमबरोबर रोजच्या किलोंतही. नमुना घेतल्याची वेळ. गाळाची विल्हेवाट. आणि खाडीतल्या नमुन्यांसाठी तारीख, भरतीची स्थिती आणि पाण्याची खोली. कोळीवाड्यातले कोणी नाखवा ओळखीचे असतील तर मासे मेल्याच्या तारखा त्यांच्याकडून लिहून घ्या, तिथीसह, कारण ते तिथीनेच सांगतील. त्या तारखा आणि केंद्राचे आकडे शेजारी मांडले की सरकारी अहवालातल्या सरासरीमागचं बरंच काही दिसायला लागतं. मांडताना अडलं तर आकडे घेऊन या, मी बसतो तुमच्याबरोबर.